उंबऱ्याच्या आतली पेढी

मोसम नदीच्या काठचे नामपूर हे बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कांद्याच्या लिलावाचा दिवस उजाडला, की ट्रॅक्टरांच्या रांगा, बोली लावणाऱ्यांची लगबग, खळ्यावरची निवड आणि हिशेबपट्ट्यांची घाई यांत दिवस कसा सरतो ते कळत नाही. अशा गावांतील जुन्या व्यापारी घरांची बांधणीही व्यवसायाला साजेशी असे. पुढे दुकान, मागे किंवा माडीवर संसार आणि दोहोंच्या मध्ये एक उंबरठा. काम आणि घर एकाच छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. त्यामुळे ‘घरातून काम’ ही कल्पना व्यापारी कुटुंबांना नवलाईची वाटू नये.

तरीही ती वाटली. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि पुण्यामुंबईला, बंगळुरूला नोकरीस असलेली मुले, मुली, सुना, जावई लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतले. काही महिन्यांनी बहुतेक जण शहरांत गेले. काही मात्र राहिले, आणि काही आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करण्याची मुभा घेऊन येत-जात राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत एक वर्षासाठी घरून काम देण्याची नियमानुसार परवानगी दिली. आपत्काळातील सोय हळूहळू व्यवस्थेचा भाग झाली.

या सोयीत पुष्कळ काही पणाला लागले आहे. काम नीट झाले, तर शिकलेला मुलगा किंवा कमावती सून आईवडिलांजवळ राहू शकते, नातवंडांना आजी-आजोबांचा सहवास मिळतो आणि गावातील घराला कुलूप लागत नाही. काम बिघडले, तर नोकरी जाते किंवा पुन्हा शहरातली भाड्याची खोली गाठावी लागते. आणि काम सांभाळताना घराकडेच दुर्लक्ष झाले, तर एका छपराखाली राहूनही माणसे एकमेकांना पारखी होतात. म्हणून घरातून काम कसे करावे, हा प्रश्न एकट्या नोकरदाराचा राहत नाही. तो सगळ्या कुटुंबाचा होतो.

पेढीची जुनी शिस्त

घर आणि दुकान एकत्र असूनही जुन्या पेढीचे काम अडत नसे. त्यामागे चार साध्या गोष्टी होत्या. पहिली म्हणजे ठरलेली जागा. गादी ती गादीच. तिच्यावर बसलेला माणूस घरातला असला तरी त्या वेळी तो व्यापारी असे, आणि मुलांनाही ते समजत असे. दुसरी म्हणजे ठरलेला आरंभ. दुकान झाडणे, उंबऱ्यावर पाणी शिंपडणे, देवाला उदबत्ती लावणे आणि मग पहिली भवानी. या क्रमाने मन आपोआप कामाकडे वळत असे. तिसरी म्हणजे नोंद. व्यवहार झाला की तो रोजमेळीत उतरलाच पाहिजे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शेवट. संध्याकाळी रोकड मोजून मेळ लागला, की फळी लागे. मेळ लागेपर्यंत उठायचे नाही आणि मेळ लागल्यावर बसायचे नाही, असा तो दुहेरी दंडक होता.

आज माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेल्या तरुणाकडे यांतील बहुधा एकही गोष्ट नसते. तो कधी पलंगावर, कधी जेवणाच्या टेबलावर, कधी लोडाला टेकून काम करतो. सकाळी डोळे उघडताच मोबाइलवर कार्यालयाचे निरोप पाहतो आणि रात्री तेच पाहत झोपतो. दिवसभर कामात असल्यासारखा दिसतो, पण दिवस संपल्यावर काय पूर्ण झाले ते सांगता येत नाही. त्याच्याजवळ बुद्धी किंवा कष्टाची तयारी कमी आहे असे नाही. उंबरठा नसल्याने त्याचे दुकान आणि घर एकमेकांत मिसळले आहे.

अनुभवाला प्रयोगाची जोड

घरून काम करणारा माणूस खरोखर अधिक काम करतो की कमी, याचा सर्वांत गाजलेला प्रयोग चीनमधील सी-ट्रिप या प्रवाससेवा कंपनीत झाला. २०१० च्या अखेरीस सुरू झालेला हा प्रयोग नऊ महिने चालला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी तो अभ्यासला. घरून काम करण्यास इच्छुक असलेल्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांचे दोन गट पाडण्यात आले. एक गट आठवड्यातले चार दिवस घरून काम करू लागला, दुसरा पूर्ण वेळ कार्यालयात राहिला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यांतील सुमारे ९ टक्के वाढ ही कमी रजा आणि कमी खंड यांमुळे, तर ४ टक्के शांततेमुळे दर मिनिटाला अधिक काम झाल्यामुळे होती. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. या प्रयोगात भाग घेण्यासाठी घरी स्वतंत्र खोली आणि चांगली इंटरनेट जोडणी असणे ही अट होती. म्हणजे ज्या वाढीचा गाजावाजा झाला, तिच्या मुळाशी बंद करता येणारे दार होते.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. प्रयोग संपल्यावर कंपनीने सर्वांना घर की कार्यालय असा पर्याय दिला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपला आधीचा निर्णय बदलला. घरून काम केलेल्यांपैकी अनेक जण कार्यालयात परतले, आणि त्यामागचे मोठे कारण एकटेपणा हे होते. प्रत्येकाने आपल्या प्रकृतीनुसार जागा निवडल्यावर फायदा १३ वरून सुमारे २२ टक्क्यांवर गेला. घरून काम करणाऱ्यांना, कामगिरी सारखीच असूनही, बढती मात्र कमी मिळाली, असेही त्या अभ्यासात दिसले. दृष्टीआड असलेल्या माणसाच्या कामाचे मोल आपोआप कळत नाही.

त्याच कंपनीत पुढे १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात आठवड्यातले दोन दिवस घरून आणि उरलेले कार्यालयातून काम होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार काम किंवा बढती यांत घट झाली नाही आणि नोकरी सोडणारे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना दोन्ही जागा मिळतात, त्यांना दोन्हींचा लाभ होतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

लिज्जतचा धडा

घरातून कामाचे उत्तम उदाहरण पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. तिच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो भगिनींच्या या संस्थेत लाटण्याचे काम घरोघरी होते.

या पद्धतीचे गमक तिच्या साधेपणात आहे. सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ घ्यायचे, घरी सवडीने लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तेथे वजन होते, प्रत पाहिली जाते, मजुरी मिळते आणि नवे पीठ हाती येते. कोणती भगिनी किती वाजता लाटायला बसली, मध्ये किती वेळा उठली, याची चौकशी होत नाही. काम मोजले जाते, बसणे मोजले जात नाही. मात्र रोजचे पीठ ठरलेले असते आणि रोज हिशेब चुकता होतो.

लॅपटॉपवरच्या कामालाही हेच तत्त्व लावता येते. सकाळी दिवसाचे ‘पीठ’ ठरवून घ्यावे. आज पूर्ण करावयाची तीन कामे कागदावर लिहावीत, त्यांतील सर्वांत जड काम पहिल्या प्रहरात हाती घ्यावे आणि संध्याकाळी काय झाले ते वरिष्ठांना दोन ओळींत कळवावे. या दोन ओळींमुळे दूर बसलेल्या माणसाचे काम दिसू लागते. बढतीच्या वेळी विसरले जाण्याचा जो धोका वरच्या प्रयोगात दिसला, त्यावरही हा एक उपाय आहे. काम ठरवले नाही तर ते उपलब्ध वेळेइतके पसरत जाते, हे निरीक्षण ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्येच मांडले होते. घरी तर उपलब्ध वेळ चोवीस तासांचा असतो, म्हणून तेथे काम पसरण्याला अंत राहत नाही.

दोन घडींचे माप

घरी लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींची वाण नसते. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, दुकानातून आलेली हाक, पाहुण्यांचे येणे आणि हातातला मोबाइल. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, की मनाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्यामुळे कमी प्रतीचे होते. पाच मिनिटांसाठी उठणे म्हणूनच पाच मिनिटांत संपत नाही.

यावर काळाचे तुकडे पाडून काम करणे हा जगभर रूढ झालेला उपाय आहे. इटलीतील फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून २५ मिनिटे एकाग्र अभ्यास आणि मग थोडी विश्रांती अशी पद्धत रूढ केली. जैन घरांना हे माप अपरिचित नाही. एक घडी २४ मिनिटांची आणि सामायिकाची मर्यादा दोन घडींची, म्हणजे ४८ मिनिटांची. सामायिकाला बसलेल्या आजीला मध्येच हाक मारू नये, हे घरातील लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. वाळूचे घड्याळ पुरे होईपर्यंत घर थांबते.

सामायिक ही आत्मसाधना आहे आणि नोकरी हा व्यवहार. दोहोंची तुलना होऊ शकत नाही. पण दोन घडी एका आसनावर, एका विषयात स्थिर राहण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराला एकाग्रतेचे माप बाहेरून उसने आणण्याचे कारण नाही. ४८ मिनिटे काम, मग बारा मिनिटे उठणे, पाणी पिणे, दुकानात डोकावणे, आईशी दोन शब्द बोलणे, असा तासाचा क्रम ठेवला, तर सकाळच्या चार तासांत कामाचे चार भरीव तुकडे हाती लागतात. त्या ४८ मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. आलेल्या निरोपांना उत्तर देण्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा ठरवून ठेवाव्यात आणि सहकाऱ्यांना त्या सांगून ठेवाव्यात.

‘घरीच तर आहेस’

घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत अधिक वेळा येणारे वाक्य हेच. त्यात दोष कोणाचाही नसतो. ज्यांनी आयुष्यभर दुकान पाहिले, त्यांना गिऱ्हाईक नसलेले आणि माल नसलेले काम डोळ्यांना दिसत नाही. मुलगा पडद्याकडे पाहत बसला आहे, तेवढ्यात गाडी खाली करून घेण्यास काय हरकत आहे, असे वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. मुलाला मात्र त्याच क्षणी बैठकीत बोलायचे असते. दोघेही बरोबर असतात आणि दोघांचाही त्रागा होतो.

सुनेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण होतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात आढळले, की बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. सून कार्यालयात जात असेल, तर त्या वेळेपुरती तरी ती घरकामातून मोकळी असते. घरून काम करू लागली, की कार्यालयाचे आठ तास आणि स्वयंपाकघराचे पाच तास एकाच दिवशी, एकाच देहाकडून मागितले जातात. ती पहाटे उठून आणि रात्री जागून दोन्ही पार पाडते. काही महिने निभते, मग प्रकृती किंवा नोकरी यांपैकी एक हातची जाते. तिचा पगार घराला हवा असेल, तर तिच्या वेळेचे रक्षण हीही घराची जबाबदारी ठरते. सकाळच्या स्वयंपाकाला मदतनीस ठेवणे, मुलांना शाळेतून आणण्याचे काम पुरुषांनी घेणे, दुपारच्या पाहुण्यांचे आदरातिथ्य सासूबाईंनी किंवा सासऱ्यांनी सांभाळणे, या लहान वाटणाऱ्या गोष्टींवर तिची नोकरी टिकून असते.

यासाठी सर्व कुटुंबाने एकदा बसून बोलणे हा उत्तम मार्ग होय. कोणती खोली कामाची, कोणत्या वेळी दार बंद म्हणजे हाक मारायची नाही, कोणत्या वेळी दुकानात मदत मिळेल, लिलावाच्या गर्दीच्या दिवशी काय करायचे, हे ठरवून घ्यावे. मुलाने ‘मला वेळ नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘साडेपाचनंतर गादीवर बसतो’ असे सांगितले, तर वडिलांचा मान राहतो आणि मुलाचे कामही. नकारापेक्षा ठरलेली वेळ ऐकणे ज्येष्ठांना नेहमीच सुसह्य असते.

पेढीचे कामही आता घरात

नोकरदारच घरून काम करतात असे नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्यापाऱ्याच्या हिशेबाचा मोठा भाग संगणकावर गेला. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे संक्षिप्त विवरणपत्र २० तारखेपर्यंत देणे भाग असते. दिवसा गिऱ्हाइकी आणि रात्री जेवणानंतर बिलांचा ढीग, अशी अनेक घरांची रीत झाली आहे. थकलेल्या डोळ्यांनी भरलेल्या आकड्यांत चुका होतात आणि त्या निस्तरण्यात पुन्हा रात्री जातात.

येथेही जुनी रोजमेळच कामी येते. रोजची बिले रोज, दुकान बंद होण्यापूर्वीच्या एका घडीत नोंदवली, तर दहा तारखेच्या रात्री जागण्याचा प्रसंग येत नाही. हे काम घरातील मुलगी किंवा सून करीत असेल, तर त्यालाही जागा, वेळ आणि मोबदला हवा. फावल्या वेळात केलेले म्हणून ते काम फुकटचे होत नाही.

दिवस मिटवणे

घरून कामाचा आरंभ करणे सोपे, शेवट करणे अवघड. कार्यालय सोडले की काम मागे राहते. घरी ते समोरच्या टेबलावर बसलेले असते. अमेरिकेतील कंपनीसाठी काम करणाऱ्यांची अडचण तर आणखी निराळी. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. चौविहार पाळणाऱ्या घरात उन्हाळ्यात नेमकी तीच ताटावर बसण्याची किंवा ताटावरून उठण्याची वेळ. अशा वेळी सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास कार्यालयीन वेळापत्रकात आधीच राखून ठेवावा आणि वरिष्ठांना त्याची कल्पना द्यावी. ठामपणे आणि नम्रतेने सांगितलेली मर्यादा सहसा मानली जाते. आयत्या वेळी मोडलेली बैठक मात्र कोणालाच रुचत नाही. ज्याला रात्री काम करणे भाग आहे, त्याने सकाळची विश्रांती तितक्याच निष्ठेने राखावी, आणि घरानेही त्याला उशिरा उठणारा म्हणून बोल लावू नये.

संध्याकाळी काम संपवताना दहा मिनिटांचा मेळ घालावा. काय झाले, काय राहिले, उद्या प्रथम काय, हे लिहावे आणि मग लॅपटॉप मिटून नजरेआड, शक्य तर कपाटात ठेवावा. दिवसाचा आढावा घेऊन तो संपवण्याची रीत या समाजाला संध्याकाळच्या प्रतिक्रमणाने दिलेलीच आहे. त्यानंतरचा वेळ घराचा.

शरीर आणि संगत

लोडाला टेकून हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींना दिवसातून वीस वेळा उठावे लागे. लॅपटॉपवाल्याला तेवढेही उठावे लागत नाही. पाठीला आधार असलेली खुर्ची, डोळ्यांच्या पातळीत पडदा आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहणे, एवढ्या काळजीने मान आणि डोळे यांचे बरेचसे दुखणे टळते. वीज जाण्याच्या वेळांसाठी इन्व्हर्टर आणि इंटरनेटची दुसरी जोडणी हा खर्च चैनीचा न समजता दुकानातील वजनकाट्यासारखा धंद्याचा खर्च समजावा.

एकटेपणावर मात्र यंत्राचा उपाय नाही. सी-ट्रिपच्या कर्मचाऱ्यांना घरी शांतता मिळाली, तरी त्यांतील अनेकांना माणसे हवीशी झाली. गावात याबाबत शहरापेक्षा अधिक सोय आहे. सकाळी स्थानकात किंवा मंदिरात जाणे, संध्याकाळी बाजारपेठेतून एक फेरी, सुटीच्या दिवशी मित्रांसह जवळच्या मांगीतुंगीला जाऊन येणे, यांतून माणूस पुन्हा माणसांत येतो. त्याबरोबरच महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कार्यालयात जाऊन सहकाऱ्यांना समक्ष भेटण्याचा प्रवासखर्च वाया जात नाही.

घरातून केलेले काम चांगले चालले आहे की नाही, हे तपासण्यासाठी व्यापारी कुटुंबांना नवी कसोटी नको. दुकान किती तास उघडे होते यावर पेढीची पत कधीच ठरली नाही. दिलेला शब्द वेळेवर पाळला गेला का, वही रोज मिळाली का आणि फळी लावून वर आलेला माणूस घरच्यांशी हसून बोलू शकला का, यावर ती ठरत आली. माडीवरच्या खोलीत बसलेल्या मुलालाही आणि सुनेलाही महिन्याअखेरीस हेच तीन प्रश्न विचारावेत. एखाद्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर दोष माणसात शोधण्याआधी जागा, वेळ आणि कामांची वाटणी यांकडे पाहावे. या तीन गोष्टी सुधारणे घराच्या हाती आहे.